न भरणारी टाकी

रोज सकाळी कामाला लागण्याआधी ती धक्क्याच्या टोकाशी उभी राहून वाऱ्याची दिशा पाही. मग पंप, गुंडाळलेली नळी आणि पाना पिशवीत भरी, लोकरीची टोपी कानांवर ओढी आणि पहिल्या बोटीत उतरे. कडाक्याची थंडी सुरू होण्यापूर्वी प्रत्येक शिडाच्या बोटीतली गोड्या पाण्याची टाकी रिकामी करावी लागे. पाणी आत गोठलं, की टाकी फुटते, नळ्या तडकतात. तिचे बाबा धक्क्याचे राखणदार. त्यांच्या गुडघ्यांनी संप पुकारल्यापासून हे काम तिच्याकडे आलं होतं. तळाची फळी उचलून ती टाकीवर बोटाच्या पेराने टकटक करी, कान लावून ऐके आणि पाणी कुठवर आहे ते अचूक सांगे. सगळा धक्का तिला 'डॉक्टरीणबाई' म्हणत असे.

"आज कोपऱ्यातली निळी उरक," बाबांनी चहा पिता पिता सांगितलं होतं.

कोपऱ्यात निळी बोट होती. दार नुसतं लोटलेलं. तिने आत उतरून फळी उचलली, झडप उघडली, पंप सुरू केला. नळीतून पाणी खळखळत समुद्रात पडू लागलं. आजूबाजूला नजर गेली आणि ती पाहतच राहिली. लाकडाचा एकेक तुकडा शेजारच्याला असा बिलगला होता, की मध्ये नखही शिरू नये. कुणाचे हात असतील हे...?

टाकीतलं पाणी तळाला लागलं, तोच पुढच्या केबिनचं दार उघडलं आणि एक तरुण डोकावला. विस्कटलेले केस, हातात ब्रश, तोंडात पेस्टचा फेस. त्याने काहीतरी विचारलं. फेसातून फक्त 'पाणी' एवढंच कळलं.

"तुम्ही... इथे राहता?"

त्याने मान डोलावली, चूळ भरायला काही मिळतं का ते शोधलं आणि अखेर नाइलाजाने फेस गिळून टाकला.

"राहतो. काल संध्याकाळीच आलो. उद्या निघायचंय म्हणून आधीच्या बंदरातच टाकी काठोकाठ भरून घेतली होती."

तेव्हा तिच्या लक्षात आलं. बाबांनी सांगितलेली निळी बोट काल दुपारीच किनाऱ्यावर ओढली गेली होती आणि मोकळ्या झालेल्या जागी ही येऊन लागली होती.

"मी ती... रिकामी केली."

"सगळी?"

"अर्धवट काम मी करत नाही," ती म्हणाली आणि लगेच जीभ चावली.

तो मोठ्याने हसला. रागावला असता, तर तिला सोपं गेलं असतं.

धक्क्यावरचे नळ थंडीसाठी बंद झाले होते. पाणी आता बाबांच्या खोलीमागच्या नळावरून कॅनने आणावं लागणार होतं. "चूक माझी, भरून मीच देणार," तिने बजावलं.

"आणि मी पाय पसरून बघत बसू? माझ्या आईला कळलं, तर कान उपटेल."

तो बोटी बांधणारा सुतार होता. दूरच्या उबदार बंदरात त्याच्या थोरल्या भावाचा कारखाना होता. भाऊ वाट पाहत होता. उत्तरेचा वारा सुटला, की समुद्र ओलांडता येणार नव्हता. निघायचं तर त्याआधीच. हे त्याने पहिल्याच खेपेला सांगितलं, तिनेही ऐकून घेतलं. पण दुसऱ्या दिवशी टाकी भरली नाही. तिसऱ्याही नाही.

"कालचे कॅन मोठे होते ना हो?" त्याने विचारलं.

"तुमची नजर मोठी असेल."

"आणि आज टाकी काय म्हणते, डॉक्टरीणबाई?"

तिने टकटक करून कान लावला. "अशक्तपणा आहे. काल रात्री कुणीतरी शर्ट धुतलेला दिसतोय. गोड्या पाण्याने!"

"मळला होता..."

"परवाही मळला होता."

ती ऐकत असताना तो तिच्याकडे पाहत राही. डोळे मिटलेले, ओठ किंचित उघडे. जणू टाकी तिच्या कानात काही सांगत होती. आणि तो रंधा मारू लागला, की तीही आपलं काम विसरे. त्या दणकट बोटांत एवढा हळुवारपणा कुठून येतो, याचं तिला नवल वाटे.

"काय गं," संध्याकाळी बाबांनी विचारलं, "त्या टाकीला भोक पडलंय, की तुम्हा दोघांच्या डोक्याला?"

ती लाजली. पण रेडिओवर हवामान ऐकताना तिचा चेहरा उतरला. उद्या संध्याकाळपासून उत्तरेचा वारा, कडक थंडी. आता लहान कॅन आणत राहणं म्हणजे त्याला अडकवणं. अडकलेला माणूस तिला नको होता.

सकाळी ती मोठे कॅन घेऊन आली. एकटीनेच खेपा घातल्या. तो जागा होऊन बाहेर आला, तेव्हा टाकी काठोकाठ भरली होती.

"झाली," ती म्हणाली. "दुपारपर्यंत वारा बरा आहे. तुम्ही... मोकळे आहात." तिने रिकामा कॅन खाली ठेवला. "आणि खरं सांगते. लहान कॅन मी मुद्दाम आणत होते."

तो हळूच म्हणाला, "शर्ट मळलेला नव्हता."

त्याने खिशातून फोन काढला.

"दादा, मी थंडी संपल्यावर येतो... नाही, बोट ठणठणीत आहे... नाही रे, वाऱ्याचंही कारण नाही." तो कानापर्यंत लाल झाला. "हो. तसंच समज... आईला मीच सांगतो, तू मध्ये पचकू नकोस!"

फोन खिशात गेला. "तुमचा पंप द्या जरा," तो म्हणाला.

तिने काही न विचारता पिशवी पुढे केली. तो आत उतरला. फळी उचलल्याचा आवाज आला. मग पंप घरघरला आणि नळीच्या तोंडातून पाण्याची जाड धार समुद्रात कोसळू लागली. क्षणभर ती धक्क्यावरूनच पाहत राहिली. मग बोटीत उतरली आणि थरथरणारी नळी दोन्ही हातांनी धरून ठेवली.