गिलाव्यातलं गाऱ्हाणं

किनारायुद्ध संपलं आणि त्याच्या सहली सुरू झाल्या. सकाळी तोफांचा बुरूज, दुपारी पाणबुडी संग्रहालय, मग सुरमईचं जेवण, आणि शेवटी खारेवाडीच्या कोठारातली 'सात वीरांची भिंत'. दारूगोळा शत्रूच्या हाती लागू नये म्हणून सात जवानांनी स्वतःहून स्वतःला आत चिणून घेतलं, असं तिथली पाटी सांगायची. लोक पाटीसमोर उभं राहून फोटो काढत आणि चहाला पळत.

त्याच तुकडीतला गवंडी दाजी राऊळ मात्र ना मेलेल्यांत सापडला, ना घरी परतला. सरकारने त्याला पळपुटा ठरवून टाकलं. 'पळपुट्याची पोर' हे ऐकत हेमांगीचे केस पांढरे झाले, ठरलेलं लग्नही त्या एका शब्दावर मोडलं. बापाचं नाव पाटीवर यावं म्हणून ती आज ध्वनितज्ज्ञ डॉ. मृणाल बोडसांना या भिंतीपाशी घेऊन आली होती.

"भिंतींना कान असतात हे ऐकलंय," कोठाराच्या स्मारकाचे संचालक पटवर्धन हसले. "तोंड कधी फुटलं, मॅडम?"

"ओल्या गिलाव्यात आवाजाची कंपनं उमटतात," बोडस म्हणाल्या. "गिलावा सुकला की ती तशीच गोठतात. आमचा ध्वनिवाचक ती पुन्हा ऐकवतो. गिलावा ओला असतानाचे आवाज तेवढे मिळतात, नंतरचे नाही. हा बाहेरच्या बाजूचा गिलावा आहे. म्हणजे इथे उभ्या माणसाचा आवाज स्पष्ट येणार आणि भिंतीआडून आलेला पुसट."

यंत्र भिंतीवरून फिरलं. आधी थापीची खरखर आली, मग एक खणखणीत आवाज.

"बा देवा म्हाराजा, आज जा काम हातात घेतलंय, ता तडीक ने रे म्हाराजा!"

"बाबा!" हेमांगी किंचाळलीच. "अहो, हे माझे बाबा! देवाला असं गाऱ्हाणं घातल्याशिवाय ते विटेला हात लावायचे नाहीत. होते ना ते इथे? सांगत होते की नाही मी!"

पटवर्धनांचेही डोळे भरून आले. वीरांची भिंत बांधणारा पळपुटा कसा असेल? नाव उद्याच कोरू, म्हणाले.

बोडसांनी मात्र आवाज वाढवला. गाऱ्हाण्याच्या मागे काहीतरी पुसट होतं. धपाधप ठोके, आणि त्यांतून फुटणारा एक कोवळा आवाज.

"दाजी, आम्ही नाय म्हटलेला रे! दाजी, उघड!"

थापी थांबली नाही.

"बाहेर एवढं ऐकू गेलं नसेल," पटवर्धन घाईघाईने म्हणाले.

"गिलाव्याला ऐकू गेलं," बोडस खाली बघत म्हणाल्या. "गिलावा लावणारा त्याहून लांब नव्हता."

पटवर्धनांनी घसा साफ केला. "पुसट भाग काढून टाकता येईल ना? गाऱ्हाणं तेवढं ठेवू. लोकांना आवडेल. आणि हेमांगीताई, नाव कोरायचं म्हटलंय ते कोरणारच."

हेमांगी खाली बसली होती.

"नको," ती म्हणाली. "बाबा पळून गेले असते तर किती बरं झालं असतं हो!"