गार होईपर्यंत

मी ठसे कोरणारा. चित्रकार कागदावर काढतो ते मी चेरीच्या लाकडात कोरतो, आणि त्यावरून छापलेली चित्रं एदो शहरातल्या दुकानांत टांगली जातात. त्या हिवाळ्यात माझ्याकडे कुसाका तानोमोच्या सुडाचं चित्र होतं. आपल्या धन्याला मारणाऱ्या मुकाईला अकरा वर्षं शोधून त्याचं मुंडकं उडवणारा, आणि लगेच स्वतःचं पोट चिरून घेणारा तो सामुराई. पहिली प्रत त्याच्या बहिणीला, ओनुईबाईंना दाखवायची, घराण्याचं चिन्ह बरोबर आहे ना एवढं विचारायचं, म्हणून दुपारी नदीपलीकडे गेलो. बर्फ भुरभुरत होता.

म्हातारीने चहा दिला. चिन्ह पाहून मान डोलावली. मग तिचं बोट मुकाईवर थांबलं.

“हा जिवंत का काढलाय?”

“म्हणजे? तानोमोंनी त्याला...”

“दादा पोचला त्याच सकाळी मुकाई तापाने गेला होता. दादाने प्रेताची मान कापली. हे मी कुणाला बोलले नाही.” तिने चित्र उजेडाला धरलं आणि माझ्याकडे पाहत राहिली. “अहो... हा चेहरा तर तुमचा.”

माझाच होता. “असलं दुष्ट नाक दुसरीकडे कुठे मिळायचं?” म्हणत चित्रकाराने मलाच समोर बसवलं होतं. मी हसून तसं सांगितलं. ती हसली नाही.

“आज दादाची तिथी. दर वर्षी येतो. मुकाई सापडला का, एवढंच विचारतो. मी म्हणते, मेला रे तो, जा... आणि आज नेमके तुम्ही इथे.”

तिने चित्र शेगडीत टाकलं. तेवढ्यात बाहेर बर्फ दबला. कर्र... कर्र...

“आडवे व्हा,” ती कुजबुजली. “मेलेल्यासारखे. हलू नका.”

तिने माझ्या तोंडावर पांढरं फडकं टाकलं, उशाशी उदबत्ती लावली. दार सरकलं. ओल्या पेंढ्याचा आणि गंजक्या लोखंडाचा वास आला. माझ्या शेजारची चटई करकरली.

“मुकाई?” आवाज अगदी सभ्य होता.

“हो दादा. गेला.”

फडक्यावरून माझ्या कपाळावर हाताची मागची बाजू टेकली. ती हिवाळ्यातल्या विहिरीच्या दगडासारखी होती.

“ओनुई... हा अजून कोमट आहे.”

“आत्ताच... आत्ताच गेला रे.”

हात कपाळावरून उचलला गेला. मग, “बरं. गार होईपर्यंत बसतो.”

मी नाकाच्या शेंड्याने श्वास घेत होतो. फडकं ओठांना चिकटत होतं. छातीतली धडधड त्या चटईला कळत असणार, याची मला खात्री होती. उदबत्ती संपली. शेवटी म्हातारी बोलली, लहान भावाला दटावावं तशी, पण रडत.

“इथे काय बसतोस? धनी तिकडे एकटे आहेत. अकरा वर्षं या मेल्यापायी त्यांना सोडून हिंडलास. जा ना त्यांच्याकडे!”

चटई पुन्हा करकरली.

तिने फडकं काढलं तेव्हा खोलीत आम्ही दोघंच होतो. मी धावत कारखान्यात आलो आणि ठशावरचा माझा चेहरा पटाशीने उडवला. मालक ओरडत राहिला. ते चित्र पुढे छापलंच नाही.

याला सहा वर्षं झाली. ओनुईबाई वारल्या. बर्फ पडला की दुपारी जेवून माझा डोळा लागतो, आणि कुणीतरी कपाळाला हात लावून बघतं.

“ओताकी, ताप नाहीये मला,” मी डोळे न उघडता म्हणतो.

बायको अंगणातून ओ देते.