भावाला दिलेली किडनी

विचारलंत म्हणून सांगते. एरवी सांगत नाही, कारण लोक मान डोलावतात आणि विषय बदलतात.

नॉर्वेच्या उत्तर किनाऱ्यावरच्या आमच्या इस्पितळात मी हार्ट-लंग मशीन चालवते. शस्त्रक्रियेसाठी हृदय थांबवतात तेव्हा रक्त ते यंत्र फिरवतं. डिसेंबर होता, सूर्य उगवतच नाही ते दिवस. शस्त्रक्रियेच्या आदल्या दुपारी वजन-उंची, औषधं विचारायला मी हाल्वारकडे गेले. म्हातारा कोळी. हृदयाची झडप बदलायची होती.

"हृदयाचं डॉक्टर बघतील," तो म्हणाला. "तू किडनी सांभाळ, पोरी. एकच आहे. दुसरी आयविनला दिली."

"आयविन कोण?"

"धाकटा भाऊ. ती घेऊन बुडाला गधडा. होडी सापडली, तो नाही."

शेजारी विणत बसलेली त्याची बायको गुडनी म्हणाली, "निदान परत तरी करायची होती!" दोघंही हसली.

सकाळी छाती उघडली, हृदय थांबलं, माझं यंत्र घरघरू लागलं. थोड्याच वेळात लघवीची नळी कोरडी पडली.

"स्टाइनार, दाब वाढवतेय. किडनीला रक्त पोचत नाहीये."

"नको," सर्जन मान वर न करता म्हणाला. "सगळं रक्तानं भरतंय, टाके दिसत नाहीत मला."

"एकच किडनी आहे त्याची!"

"माहितीये, तोरुन. थांब जरा."

थांब जरा. वर्षानुवर्षं हेच ऐकतेय. मी दाब चढवायचे, तो ओरडायचा, मी उतरवायचे. भूल देणाऱ्या मेरेटेकडे पाहिलं, तर तिनं खांदे उडवले. हृदय सगळ्यांच्या डोळ्यांसमोर असतं. किडनी मुकाट्यानं मरते, आणि कळतं तेव्हा सर्जन दुसऱ्याच कुणाची छाती उघडत असतो.

मग वास आला. जंतुनाशकाचा नव्हे. ओल्या दोरखंडांचा, शेवाळाचा. घरघरीखाली काहीतरी ठिबकू लागलं... टप... टप... नळीखालची लघवीची पिशवी भरत होती. आत पाण्यासारखं नितळ काहीतरी.

"बघ," स्टाइनार म्हणाला, "उगाच डोकं खात होतीस."

मी वाकून पिशवीला हात लावला. शस्त्रक्रियेत शरीर थोडं थंड करतात, मान्य. पण हे... माझी बोटं बधिर झाली.

"मेरेटे... हात लाव इथे."

तिनं लावला आणि झटकन मागे घेतला. "मला काही विचारू नकोस," ती पुटपुटली.

नमुना तपासायला पाठवला. उत्तर आलं: ही लघवी नाही, मीठ समुद्राच्या पाण्याइतकं आहे, नमुना बदलला असावा. पुन्हा पाठवला. तेच उत्तर. दुसऱ्या दिवशी सोनोग्राफीत हाल्वारच्या किडनीत रक्त फिरताना दिसलंच नाही. ती मेली होती. आणि त्याच्या रक्ताचा अहवाल मात्र एखाद्या धडधाकट पोराचा असावा तसा! मग ते रक्त गाळत होती ती कुठली किडनी?

बैठकीत मी हे सगळं मांडलं. ओरडलेही.

"सोनोग्राफी चुकली असेल," स्टाइनार म्हणाला. "माणूस वाचला ना? मग तुला नक्की हवंय काय?"

हाल्वार स्वतःच्या पायांनी घरी गेला आणि सगळ्यांसाठी तो विषय मिटला.

हिवाळा सरता सरता गुडनीचा फोन आला. आवाज अगदी दबका.

"तो पाणीच पीत नाही गं. तहान लागत नाही म्हणतो. आणि झोपेत श्वास... फार वेळ येतच नाही. डॉक्टरांना सांगून थकले. म्हणतात, तब्येत उत्तम आहे."

"आत्ता झोपलाय?"

"हो... ऐक."

तिनं फोन त्याच्या तोंडाशी धरला. मी कान देऊन ऐकत राहिले. श्वास नव्हताच. खूप खोल पाण्यातून कुणीतरी नांगराची जाड साखळी वर ओढत होतं. सावकाश... एकेक कडी... आणि आवाज जवळ येत होता.