सातव्या भागाला उणे एक

मलप्पा सरांच्या क्लासमध्ये डाउट तोंडानं विचारायची पद्धत नव्हती. दाराशी टेबलावर दोरीनं बांधलेली एक जाड वही असायची. आपला प्रश्न तिच्यात लिहायचा, दुसऱ्या दिवशी सरांचं उत्तर लाल शाईत मिळायचं. सकाळी मुलांची बॅच, दुपारी आम्हा मुलींची. एकमेकांकडे बघायचीही मनाई, पण वही मात्र दोघांना मिळून एकच. हे सरांच्या कधी लक्षात आलं नाही, याबद्दल मी त्यांची जन्मभर आभारी आहे.

साल दोन हजार सोळा. मी मृण्मयी, नांदेडची, प्राध्यापकाची एकुलती एक मुलगी, त्यामुळे डॉक्टर होणार हे मला विचारायच्या आधीच ठरलेलं. त्या उन्हाळ्यात लातूरला पाणी रेल्वेनं आलं होतं. मी जूनमध्ये क्लाससाठी तिथल्या हॉस्टेलवर आले तेव्हाही दिवसाला एकच बादली मिळायची, आणि फोन वॉर्डनबाईंच्या कपाटात. रविवारी मामाकडे गेले की मात्र मी त्याच्या कॉम्प्युटरवर एक जपानी कार्टून मालिका बघायचे. डोंगरातली एक बस, तिची कंडक्टर माझ्याच वयाची पोरगी, आणि बसमध्ये कधी कोल्हा चढतो, कधी वारा, कधी एखादी नदी पदर सावरत खिडकीशी बसते. तेरा भाग. एक भाग असा की रात्री झोप येऊ नये, आणि पुढचा असा की निम्मा वेळ नुसतं टायर बदलणं. नेटवर लोक तिच्यावरून कडाकडा भांडायचे. निम्मे म्हणायचे, यात काही घडतच नाही. निम्मे म्हणायचे, घडत नाही तीच तर मजा.

मलाही भांडायचं होतं, पण कुणाशी? माझी रूममेट उज्वला झोपेतसुद्धा आवर्त सारणी म्हणायची. शेवटी एका दुपारी मी डाउटच्या वहीचं अगदी शेवटचं पान उघडलं आणि हिरव्या शाईत लिहिलं: ‘भाग चौथा. टायरपायी अर्धा भाग वाया. कोल्हा तिकीट म्हणून वाळकं पान देतो तिथे मात्र रडू आलं.’

दुसऱ्या दिवशी खाली निळ्या शाईत तीन वाक्यं होती: ‘चुकीचं उत्तर. टायरच लई भारी हाय. उणे एक. – रा.’

मला सपाटून राग आला. मग बायोलॉजीच्या अख्ख्या तासाला हसू येत राहिलं.

तिथून आमचा हिशेबच ठरून गेला, मेडिकलच्या प्रवेशपरीक्षेसारखा. भाग जमला तर अधिक चार, फसला तर उणे एक, मत नक्की नसेल तर सोडून द्यायचा – शून्य. तो त्याच्या मित्राच्या मोबाईलवर बघायचा, मी मामाकडे. पाचव्या भागाला आम्ही दोघांनी उणे एक दिला, आणि एकमत झालं म्हणून मला जरा चुटपुटच लागली.

सप्टेंबरच्या शेवटी एका रविवारी दोन्ही बॅचची मिळून टेस्ट झाली. उन्हाळ्यात थेंबाला तरसलेलं लातूर त्या आठवड्यात नुसतं धो-धो भिजत होतं. टेस्ट सुटल्यावर मी झेरॉक्सच्या दुकानाच्या पत्र्याखाली उभी होते. शेजारी एक उंच, सडपातळ मुलगा वह्या शर्टात खुपसून उभा होता. त्यानं माझ्या हाताकडे पाहिलं, मग पावसाकडे, मग परत हाताकडे.

“बोटाला हिरवी शाई...” तो पावसालाच म्हणाला. “म्हणजे टायरवर राग असलेल्या तुम्हीच?”

मी हात ओढणीत लपवला. “आणि टायरवर प्रेम असलेला तू?”

“रामलिंग. औशाकडचा.”

“मी मृण्मयी, नांदेडची. आणि तुम्ही-तुम्ही काय करतोयस रे?”

“नांदेडचे लोक लई मोठे असतेत म्हणून ऐकलंय.”

“उणे एक देताना नाही आठवलं ते?”

“तवा ठाऊक नव्हतं, मुलगी हाय म्हणून.”

“आणि आता?”

तो कानापर्यंत लाल झाला. “आता... आता उणे एक द्यायला भ्या वाटायलंय.”

तेवढ्यात सरांची स्कूटर वळली आणि तो भर पावसात सटकला. मी पत्र्याचं पाणी ओंजळीत झेलत कितीतरी वेळ उभी राहिले. आडोशालाच होते, तरी चिंब भिजल्यासारखं वाटत होतं.

डिसेंबरात सातवा भाग बघितला. त्यात धरणाखाली बुडालेलं एक गाव एका दिवसापुरतं वर येतं. बस तिथे जाते, आणि एकेक माणूस आपापल्या दारासमोर उतरतो. मी लिहिलं: ‘अधिक चार. चार कमी पडतात.’

निळ्या शाईत उत्तर आलं: ‘उणे एक. गाव असं परत येत नसतं.’ आणि खाली पहिल्यांदाच अर्धं पान भरून लिहिलेलं. त्याचं गाव त्र्याण्णवच्या भूकंपात गेलं होतं, तो जन्मायच्या पाच वर्षं आधी. वडिलांचे आई-वडील आणि बहीण त्यात गेले. आता नव्या गावात सगळी घरं एकसारखी, गल्ल्यांना नंबर. ‘बाबा अजून जुन्या गावच्या वाटंला जात न्हाईत. शेताला जायचं तर वळसा घालून जातेत. हे कार्टून त्यांना दावलं तर काय व्हईल? म्हणून हे उणे एक बाबांच्या वतीनं.’

ते अर्धं पान मी दोनदा वाचलं. मग लिहिलं: ‘माझे चार तसेच राहतील. पण तुझं उणे एक मी कधी खोडणार नाही.’ त्या दिवशी मी त्याच्या प्रेमात पडले. सरळच सांगते, आडवळणं घ्यायचं आता माझं वय नाही.

मे उजाडला. शेवटचा, तेरावा भाग आम्ही दोघांनीही शिल्लक ठेवला होता. परीक्षा तोंडावर, त्यानंतर तो कुठे आणि मी कुठे. वर्ग संपायच्या आदल्या दिवशी मी सगळा धीर एकवटून प्रश्न लिहिला: ‘तेरावा भाग निकालानंतर सोबत बघायचा का? (अ) हो. (ब) नाही.’

दुसऱ्या दिवशी धावतच गेले. उत्तराची जागा कोरी. तो आला नसेल म्हणावं, तर वहीत पुढे, डाउटच्या पानांत, त्याच दिवशीचा त्याचा फिजिक्सचा डाउट होता, निळ्या शाईत.

मी ते शेवटचं पान फाडून घेतलं आणि मामाकडे जाऊन तेरावा भाग एकटीनं बघितला. भिकार होता. बस अचानक शहरात जाते आणि सगळे टाळ्या वाजवतात. इतकी रडले की मामी म्हणाली, “अगं, पेपर चांगला जाईल, काळजी नको करूस.”

पेपर गेला चांगला. नांदेडलाच मेडिकलला नंबर लागला, नदीच्या घाटावरच्या संध्याकाळी आणि हॉस्पिटलच्या ड्यूट्या यांत सहा वर्षं गेली. शेवटी सरकारी बाँडचं एक वर्ष खेड्यात काढायचं आलं. पसंतीच्या यादीत औसा तालुका दिसला आणि मी पहिल्याच क्रमांकाला एक आरोग्य केंद्र भरलं. आई म्हणाली, नांदेडजवळचं सोडून तिकडे कशाला? मी म्हटलं, तिकडची हवा चांगली आहे.

हवेनं तीन महिने काही केलं नाही. चौथ्या महिन्यात एका सकाळी समोर केसपेपर आला: कुत्रा चावला, उजवा हात. नाव, रामलिंग.

वर बघितलं तर तोच. थोडा भरलेला, मिशी आलेली, हाताला रुमाल गुंडाळलेला. उदगीरला शिकून तो जनावरांचा डॉक्टर झाला होता.

“जनावरांचा डॉक्टर, आणि लस आधी घेतली नाहीस?” माझा आवाज उगाच चढला.

“घेणार होतो, मॅडम...” तो अडखळला, माझ्या पेनाकडे बघत. हिरवा पेन. “मृण्मयी?”

मी जखम जरा जोरातच धुतली.

“उत्तर का नाही दिलंस?” मी विचारलं.

कोणतं उत्तर, असं त्यानं विचारलं नाही. “तू नांदेडची, पहिल्या पाचात येणारी. मी पहिल्यांदा नंबर लागला न्हाई म्हणून परत वर्ष करत असलेला. नक्की वाटत नव्हतं. नक्की नसंल तर सोडून द्या, चुकलं की एक जातो... वर्षभर हेच तर शिकवलं सरांनी.”

मला हसावं की त्याला दुसरी सुई टोचावी कळेना. सात वर्षं मी ज्याला नकार समजून बसले होते, ती निगेटिव्ह मार्किंगची भीती होती.

कुत्र्याच्या लसीला पाच इंजेक्शनं लागतात, अठ्ठावीस दिवसांत. देवाचे आभार. तिसऱ्या दिवशी आला तो बांधावरची बोरं घेऊन. सातव्या दिवशी आम्ही परत टायरवरून भांडलो, आणि पुरावा म्हणून मी पर्समध्ये जपलेलं वहीचं ते फाडलेलं पान त्याला दाखवलं. चौदाव्या दिवशी त्यानं सांगितलं की तेरावा भाग त्यानं आजवर बघितलेला नाही. सोबत बघायचा होता म्हणून. अठ्ठाविसाव्या दिवशी मी सुई मुद्दाम हळूहळू भरली, कारण उद्यापासून त्याला यायला निमित्त नव्हतं.

“पण मी बघितलाय तो,” मी कबूल केलं. “रागात. अगदी भिकार आहे.”

“मग?”

“मग परत बघेन. पण आधी सातवा, तुझ्या घरी.”

त्याचा चेहरा उतरला. “घरी बाबा असतेत.”

“माहीत आहे.”

पुढच्या रविवारी दुपारी मी त्याच्या गावात गेले. खरंच सगळी घरं एकसारखी, सात नंबरच्या गल्लीत मी दोनदा चुकले. ओसरीवरच्या बाजेवर लॅपटॉप ठेवला आणि सातवा भाग लावला. इतक्यात त्याचे वडील, अण्णाराव काका, शेतावरून आले.

“काय बघायलाव रे?”

रामलिंगनं झटकन लॅपटॉप मिटायला हात घातला.

“ऱ्हाऊ दे,” म्हणत काका बाजेच्या कडेला टेकले. “खालचं इंग्रजी वाचता येत न्हाई. तू सांग.”

तो मराठीत सांगू लागला. बस निघाली, धुकं आलं, पाण्याखालचं गाव वर आलं. एक म्हातारी उतरली आणि भिंतीला हात लावत लावत आपलं दार शोधू लागली. तिथे रामलिंगचा आवाज बंद पडला.

“सांग की,” काका म्हणाले. “काय म्हणायली ती?” मग स्वतःच बोलले, “तिचं दार डाव्या अंगाला असंल. बोळात वळलं की.”

दार डाव्या अंगालाच निघालं. काकांनी धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले, लपवले नाहीत. भाग संपला. रामलिंग त्यांच्याकडे बघायला तयार नव्हता. मला वाटलं, मी कोण लागून गेले या घराची जखम उघडणारी.

“एवढाच येळ आलं व्हय गाव?” काका हळूच म्हणाले. “परत लाव.”

“कुठनं, बाबा?”

“बस गावात शिरती ना, तिथनं.”

रामलिंगनं लावलं. मग माझ्याकडे वळून हात पुढे केला. मी पर्समधून ते पान काढलं, घड्यांवर विरलेलं. त्यानं खिशातला निळा पेन काढला आणि सातव्या भागापुढचा उणे एक खोडून तिथे अधिक चार लिहिले. मग पेन खाली सरकला, शेवटच्या प्रश्नाशी क्षणभर थांबला... आणि त्यानं (अ) पुढे बरोबरची खूण केली.

“उत्तर चुकलं होतं माझं,” तो पुटपुटला.

“कोणतं?”

“दोन्ही,” तो म्हणाला. काकांनी आम्हाला हातानंच गप्प केलं, कारण बस परत गावात शिरत होती.