बारा मेचा ठिपका

मंगरूळपीरहून शेलूबाजारला निघणारी जगदेवची जीप भरल्याशिवाय सुटत नाही, आणि भरली तरी अजून दोन माणसं कोंबल्याशिवाय सुटत नाही. त्यातली पुढची जागा मात्र रोज राखीची. मालकाची लेक म्हणून तेवढा मान तिला हवाच!

त्या सोमवारी हवेत कार्तिकाचा बोचरा गारवा होता. जीप हलली, तोच पाठीवर बॅग टाकलेला एक उंच तरुण धावत आला.

"भाऊ, जागा आहे का?"

"हाय ना! पुढीच बसा. राखे, सरक थोडी."

राखी सरकली. सरकून सरकणार किती? गिअरच्या दांड्यापर्यंतच. तिच्या ओढणीला धक्का लागू नये म्हणून तो तरुण अंग चोरून, अर्धा दाराबाहेर बसला. माणूस बरा दिसतो, असं राखीला वाटलं... आणि दोनच मिनिटांत त्याचा फोन वाजला.

"हो साहेब, अनसिंगहून निघालो, घरीच होतो काल. आज शेलूबाजारचं सेंटर पाहून घेतो. अकरा दिवस झाले, एकाही टॉवरचा ग्राफ नाही म्हणजे काय! ती ऑपरेटर बाई रील पाहत बसत असन दिवसभर. संध्याकाळी रिपोर्ट देतो. बंद करून अकोल्यालेच हलवून टाकू."

जगदेवचा पाय कचकन ब्रेकवर गेला. मागची माणसं एकमेकांच्या अंगावर आली. राखीनं बापाकडे असं काही पाहिलं, की त्यानं उघडलेलं तोंड तसंच मिटून घेतलं. कारण ती ऑपरेटर बाई म्हणजे राखीच होती.

शेलूबाजारला उतरल्यावर त्या बिचाऱ्यानं पत्ता विचारला, तोही तिलाच. "मॅडम, इमरानभाईचं हार्डवेअरचं दुकान कोठी आहे?"

"या माह्या मागं."

इमरानभाईच्या दुकानाच्या माडीवर ती खोली होती. राखीनं कुलूप काढलं, चपला बाहेर ठेवल्या, खुर्चीत बसली आणि खुर्चीसकट वळली.

"बसा साहेब. कोणती रील लावू?"

पवन इंगोले, बी.ई., अकोल्याच्या कंपनीचा तपासनीस, कानापर्यंत लाल झाला.

"तुमी... मंग जीपमध्येच सांगाचं ना!"

"तुमी मोठ्या साहेबासंग बोलून राह्यले होते. मधात कशी बोलीन?"

"आणि ते ड्रायव्हर..."

"माहे बाबा."

"अरे देवा!" पवन मटकन स्टुलावर बसला.

आता ही खोली म्हणजे काय, ते सांगायला हवं. आसपासच्या चाळीस गावांत इंटरनेट पोचवणारे टॉवर, आणि ते चालवणारे सर्व्हर, यांच्यावर इथून नजर ठेवायची. कोणता टॉवर सुरू, कोणता बंद, याचे हिरवे-लाल दिवे पडद्यावर लागत. कोणावर किती ताण आला, याची रेघ ग्राफमध्ये उमटे. गावातली बँक, शाळा, दवाखाना सगळं त्या रेघांवर चालायचं, आणि त्या रेघा सांभाळायची राखी. एकटी. पॉलिटेक्निक झाल्यावर तिनं ही नोकरी मिळवली, तेव्हा घरात एक करार झाला होता. नोकरी आहे तोवर लग्नाचं तिच्या मनावर. नोकरी गेली, की आई आणेल त्या स्थळाला मुकाट्यानं हो म्हणायचं. आणि आईनं तर स्थळ आणूनही ठेवलं होतं, पुसदकडचं. त्यांना सून हवी होती, पण 'घरी राहणारी'. ही खोली बंद झाली, तर राखीचं सगळंच बंद होणार होतं.

"दिवे तर सगळे हिरवे दिसून राह्यले," पवन पडद्याकडे वाकून म्हणाला. "मंग ग्राफ काहून नाही?"

"तेच तं तुमाले इचारलं होतं. तीन मेल टाकले."

"कोणाले?"

"तुमालेच."

पवननं खिशातून मोबाईल काढला. खाली... अजून खाली... तीन मेल होते. एकही उघडलेला नव्हता. त्यानं मोबाईल परत खिशात घातला आणि बराच वेळ तो घसा खाकरत राहिला. राखीला हसू आलं. हसायचं नाही असं तिनं ठरवलं होतं, तरी आलं.

मग दोघं कामाला लागली. पवननं डिस्क भरली का पाहिलं. नव्हती. प्रोग्राम थांबला का पाहिलं. चालत होता. फाइलवर लिहायची परवानगी आहे का, तेही पाहिलं. होती. त्याच्या तोंडचं एकेक नाव ऐकून राखी म्हणायची, "हे पायलं, मंगळवारी," आणि "हेही पायलं, भाऊबीजेच्या दिवशी."

"भाऊबीजेले तुमी इथं होत्या?"

"टॉवरले काय भाऊबीज असते?"

पवननं पहिल्यांदा तिच्याकडे नीट पाहिलं. कपाळावर एक बट, बोटांना शाईचे डाग, आणि डोळ्यांत असा ताठा, की बघणाऱ्यानं आपणच नजर खाली घ्यावी. त्यानं घेतली. पण लगेच परत वर केली.

"शाई कायची?"

राखीनं टेबलाचा खण उघडून एक जाड वही त्याच्यापुढे टाकली. ग्राफ गेला त्या दिवसापासून ती दर दोन तासांनी प्रत्येक टॉवरचा आकडा पडद्यावरून वाचून हातानं लिहीत होती. अकरा दिवस. चाळीस टॉवर. पवननं पानं उलटली आणि त्याला सकाळचा आपला फोन आठवला. खरं सांगायचं तर त्याला तिथून पळून जावंसं वाटलं.

"राखी मॅडम," तो हळूच म्हणाला, "सकाळचं ते... मले माफ करा."

"आधी ग्राफ सापडू द्या. मंग पाहू."

आणि तो तिलाच सापडला. कंटाळून तिनं ग्राफची मुदत वाढवत नेली. आठवडा, महिना, मग अख्खं पुढचं वर्ष. दिवाळीशी रेघ तुटलेली, पुढे सगळं कोरं, आणि त्या कोऱ्या जागेत, पार उजवीकडे, एक एकटा ठिपका!

"हे काय व माय?" ती पुटपुटली. "बारा मे. पुढच्या सालचा. तो दिवस तं अजून यायचा आहे!"

पवन ताडकन उठला. "थांबा! ग्राफची फाइल मागची तारीख घेतच नाही. शेवटची नोंद बारा मेची झाली, तर बारा मे येईपर्यंत ती आजची काहीच लिवणार नाही. नुसती वाट पाहत बसन. कोण्या तरी माणसानं या कॉम्प्युटरची तारीख बदलली होती!"

कॉम्प्युटर जुनाट होता. बदलून द्या म्हणून राखी दोन वर्षं मागं लागली होती. त्यात खालच्या घड्याळावर दोनदा टिचकी मारली, की महिन्याचं पान उघडे. पान पाहून झालं की 'रद्द' दाबायचं. ते न दाबता पहिलंच बटण दाबलं, तर खरोखरच तारीख बदले. तासाभरानं कॉम्प्युटर इंटरनेटवरून खरी तारीख आपोआप परत घेई, म्हणून कोणाला पत्ताही लागला नव्हता.

पण बारा मे? ग्राफ गेला त्या दुपारी डबा घेऊन कोण आलं होतं, ते तिला आठवलं. तिनं फोन लावला.

"आई, त्या दिवशी तू माह्या कॉम्प्युटरवर काय पायलं?"

"तारीख पायली वं," तुळसाबाईंचा खणखणीत आवाज खोलीभर झाला. "पुसदवाल्यानं बारा मे धरली ना! म्हटलं बाजाराचा दिवस तं नाई येत? बाजाराच्या दिवशी तुहा बाप जीप सोडून मांडवात उभा राह्यन का? तूच तं शिकवलं होतं मले, घड्याळावर दोनदा टिचकी मारून."

"आणि मंग कोणतं बटण दाबलं?"

"जे पयलं दिसलं ते. काहून? काई बिघडलं का वं बाई?"

"नाई आई. जेव तू." राखीनं फोन ठेवला. डोळे भरून आले होते. ते पवनला दिसू नयेत म्हणून ती खिडकीकडे वळली. खाली इमरानभाई कोणाला तरी नळाच्या तोट्या दाखवत होता. पवननं पाण्याची बाटली तिच्या हाताशी सरकवली.

दुपारभर मग तो वाचत होता आणि ती टाइप करत होती. आधी तो पुढचा ठिपका फाइलमधून काढला, मग वहीतले अकरा दिवस एकेक करून ओळीनं आत घातले. "मानोरा रोड, बहात्तर." "बहात्तर." "तुमचा सात मले एकासारखा दिसते." "तुमचा डोळा तसाच आहे." असं चाललं होतं. इमरानभाई दोनदा चहा देऊन गेला आणि दुसऱ्यांदा जाताना उगाचच खाकरला. चारच्या सुमाराला पडद्यावर रेघ उमटली, दिवाळीपासून आजपर्यंत. रात्रीचे तुकडे तेवढे कोरे होते.

"ते अंदाजानं भरून टाकू," पवन म्हणाला. "कोणाले कळते?"

"मले कळते ना. रात्री मी इथं नव्हती. नव्हती तं नव्हती."

पवननं रिपोर्ट लिहायला घेतला. कारणाच्या रकान्यात त्यानं लिहिलं: 'अज्ञात तांत्रिक बिघाड.' राखीनं वाचलं आणि कीबोर्ड आपल्याकडे ओढला.

"हे खोडा."

"राखी मॅडम, ऐका तं! तुमच्या आईचं नाव आलं तर साहेब म्हणन, ऑपरेटर बाहेरच्या माणसाले कॉम्प्युटरवर बसू देते. सेंटर जाईन. नोकरी जाईन तुमची!"

"जाऊ द्या. अज्ञात म्हणजे मले सापडलं नाही, असं होते. मले सापडलं आहे. चूक माही आहे, आईले मी बसू दिलं. आणि दुरुस्त केलं तेही मीच. दोन्ही लिवा. अर्धं लिवलेलं मले चालत नाही."

आता अशा पोरीला काय म्हणावं? तिच्या शब्दांत, तिच्या नावानं, पवननं सगळं लिहिलं, तारीख-वेळेसकट. खाली स्वतःची एक ओळ टाकली: 'ऑपरेटरनं याबद्दल तीन मेल केले होते. मी ते उघडले नाहीत.' आणि पाठवून दिला. राखीनं ती ओळ वाचली, आणि तिच्या मनातला सकाळचा राग कुठं गेला, ते तिलाही कळलं नाही.

निघताना तो दारात अडखळला. "म्हणजे... बारा मे पक्की आहे का?"

"सेंटर गेलं तं पक्की," ती म्हणाली. "राह्यलं तं नाही."

त्यानंतर रोज सकाळी नवाच्या ठोक्याला त्याचा फोन येऊ लागला.

"ग्राफ चालू आहे ना?"

"चालू आहे."

"नीट पायला?"

"नीट पायला. अजून काही?"

"...नाही. थंडी कशी आहे तिकडं?"

"तिकडं आहे तशीच."

ठेवताना दोघांनाही फोन जड वाटायचा. नवव्या दिवशी नऊ वाजले, सव्वानऊ झाले, फोन आला नाही. राखीनं स्वतःला बजावलं, मला काय त्याचं! साडेनऊपर्यंत तिनं चार वेळा मोबाईल पाहिला. मग जिन्यावर पावलं वाजली, आणि पवन दारात उभा राहिला, हातात एक कागद घेऊन. मागं जगदेव होता. खाली दुकानासमोर भरलेली जीप तशीच सोडून तो वर आला होता, म्हणजे पाहा!

"वाच," जगदेव म्हणाला. "यानं गाडीत मले काईच सांगतलं नाई. म्हणते, आधी तिले."

राखीनं वाचलं. सेंटर हलणार नव्हतं. उलट मानोऱ्याकडचे पंचवीस टॉवरही तिच्याच नजरेखाली येणार होते, आणि नवा कॉम्प्युटर मंजूर झाला होता. खाली मोठ्या साहेबांनी हातानं लिहिलं होतं: 'जो माणूस स्वतःची चूक लिहून पाठवतो, त्याच्या आकड्यांवर आम्ही विश्वास ठेवतो.'

तिनं कागद बापाच्या हातात दिला. जगदेवनं तो दोनदा वाचला, उपरण्यानं डोळे पुसले आणि खिडकीतून खाली वाकून जीपमधल्या माणसांना ओरडून सांगितलं, "माह्या पोरीले पासष्ट गावं देल्ले बापा हो! पासष्ट! पाच मिनिटं थांबा, पुसदले फोन लावून येतो. म्हणतो, आमची पोट्टी घरी राह्यनारी नाई!"

आणि तो जिना उतरून गेला. खोलीत दोघंच उरली. पवन एकदा पडद्याकडे, एकदा आपल्या बुटांकडे पाहत होता.

"राखी," तो म्हणाला, या वेळी 'मॅडम'शिवाय, "मले... तुमी आवडता. त्या दिवशी तुमी 'खोडा' म्हटलं ना, तवापासून. कसं सांगावं ते कळत नव्हतं, म्हणून रोज ग्राफच इचारत होतो."

राखीचे कान तापले. पण मान ताठच होती.

"मी अकोल्याले येणार नाही. लग्न झालं तरी नाही. माही खोली इथं आहे."

"माहीत आहे. म्हणूनच..." त्यानं बॅगेतून दुसरा कागद काढला. बदलीचा अर्ज होता तो, मंजूर झालेला. "पासष्ट टॉवर एका माणसानं होत नाहीत. इथं एक हाताखालचा माणूस लागते. साहेबाले म्हटलं, मी जातो."

"माह्या हाताखाली? तुमी बी.ई., मी पॉलिटेक्निक!"

"हो. तुमच्या हाताखाली."

राखीनं अर्ज वाचला. सावकाश, शेवटच्या सहीपर्यंत, जसं ती प्रत्येक आकडा वाचायची तसं. मग वहीचं कोरं पान काढलं, पेन त्याच्या हातात दिलं आणि आपल्या खुर्चीशेजारची जागा मोकळी केली.

"बसा मंग. मानोऱ्यापासून सुरू करा," ती म्हणाली, आणि आता मात्र तिनं हसू अजिबात आवरलं नाही. "आणि मलेही... तुमी आवडता. हे कोणाले सांगाचं असन तं सांगा. खरं आहे."