आधी तुटणारी तार

बिघाड झाला पिल्लांच्या हीटरमध्ये. मग ट्रकचे दिवे का गेले?

कस्तुरीच्या डोक्यात हा भुंगा आठवडाभर गुणगुणत होता. तिची आई, रेश्मा, संगमनेरजवळच्या एका उबवणी केंद्राचा ट्रक चालवायची. अंड्यातून नुकतीच बाहेर आलेली पिवळी पिल्लं घेऊन ती घाट उतरून कोकणात जायची. ट्रक विजेवर चालणारा आणि टपावर तांबडा दिवा, म्हणून कस्तुरीनं त्याचं नाव ठेवलं होतं तुर्रेबाज. तर हा तुर्रेबाज गेल्या खेपेला घाटातल्या लांब बोगद्यात, अगदी मध्यावर आंधळा झाला. पुढचे दिवे गपकन बंद! आईनं अंदाजानं ट्रक कडेला घेतला म्हणून निभावलं.

"थोडक्यात वाचले बघ," असं आई घरी येऊन हसत हसत म्हणाली. कस्तुरीला कुठलं हसू येतंय? घरात या दोघीच. त्या दिवसापासून तिनं धोशा लावला, "आई, तू नको ना जाऊ."

"अगं, पिल्लं थांबतात होय? दिवस भरले की कवच फोडून येतातच ती बाहेर. त्यांना पोचवायला नको?" आईनं तिला जवळ ओढलं. "असं कर. चिमटा उद्या तुर्रेबाजला वायरींची नवी पेटी बसवणार आहे. तू जा त्याच्या मदतीला. तुझं समाधान झालं तरच मी गाडी हलवीन. शब्द!"

चिमटा म्हणजे केंद्रातला दुरुस्ती करणारा रोबो. बोटांच्या जागी निरनिराळे चिमटे, म्हणून हे नाव. वयानं झाला होता म्हातारा, चालताना गुडघे करकरायचे. पण कुणी काही विचारलं की स्वारी खूश! कस्तुरीनं आल्या आल्या आपलं कोडं त्याच्यापुढे टाकलं.

चिमट्यानं ट्रकच्या पोटातून एक वायर ओढून दाखवली. "ही दिव्यांची वायर. हीटर नंतर आला. कुणीतरी घाई केली आणि हीटरची वायर हिलाच पिळून जोडली. म्हणजे दोघांचा संसार एकाच फ्यूजवर (विजेचा प्रवाह फार वाढला की स्वतः वितळून तुटणारी तार). हीटर बिघडला, त्यानं वाजवीपेक्षा जास्त प्रवाह ओढला, फ्यूज तुटला."

"आणि दिव्यांची वाटही तीच होती!" कस्तुरी ओरडली. "म्हणून तेही गेले. अरे देवा, करायचं एकानं आणि भोगायचं दुसऱ्यानं!"

"बरोब्बर. आता आपण वेगळी चूल मांडू."

चिमट्यानं आधी बॅटरीची ऋण बाजूची वायर सोडवली. "विजेच्या कामात पहिलं हे. आणि मोठं माणूस किंवा माझ्यासारखा म्हातारा जवळ असल्याशिवाय हात लावायचा नाही, कळलं?" मग त्यानं बॅटरीपासून एक जाड वायर काढली आणि बॅटरीच्या अगदी शेजारी तिला एक मोठा फ्यूज बसवला.

"इतक्या जवळ का रे?"

"ही वायर वाटेत कुठे घासली आणि ट्रकच्या लोखंडाला टेकली तर? पहारेकरी उगमापाशीच हवा. मधे बसवला तर त्याच्या मागचा तुकडा उघडाच राहील ना."

जिथे वायर पत्र्याच्या भोकातून जायची तिथे कस्तुरीनं स्वतः रबराची कडी बसवली, म्हणजे पत्र्याची धार वायरला कापणार नाही. केबिनच्या मागच्या बाजूला पाणी न शिरणारी काळी पेटी पक्की केली. पेटीत एक पितळी पट्टी होती. जाड वायर त्या पट्टीला येऊन मिळाली आणि पट्टीवरून वेगवेगळ्या वाटा फुटल्या: एक हीटरची, एक पंख्याची, एक टपावरच्या दिव्याची. प्रत्येक वाटेला आपापल्या फ्यूजची खाच. पुढच्या दिव्यांची जुनी वाट चिमट्यानं त्यांची त्यांना परत दिली.

मग त्यानं एक लहान चौकोनी डबी काढली. "हा रिले (छोट्या प्रवाहाच्या हुकमावर चालणारा मोठा स्विच). हीटरला प्रवाह लागतो भरपूर. तो सगळा तुझ्या आईच्या बोटाखालच्या एवढ्याशा स्विचमधून नेला तर स्विच जळेल. म्हणून स्विचमधून पाठवायचा चिमूटभर प्रवाह. तो या डबीतल्या तारेच्या गुंडाळीत जातो, गुंडाळी लोहचुंबक बनते, लोखंडाची पट्टी खेचते आणि मोठ्या प्रवाहाची वाट जुळते. स्विच बंद केला की चुंबकपण गेलं, स्प्रिंगनं पट्टी मागे, वाट बंद. धर कानाशी."

चिमट्यानं आपल्याच अंगातून डबीला थोडा प्रवाह दिला. टक्! कस्तुरीला गंमत वाटली. तिनं पुन्हा करायला लावलं. टक्!

मग डबी हीटरच्या वाटेवर बसली. आता राहिले फ्यूज. ते डब्यात वेगवेगळ्या रंगांचे होते आणि प्रत्येकावर आकडा. अँपिअर (प्रवाह मोजायचं माप) जास्त, तेवढा फ्यूज दमदार. "हीटरला निळा, पंधराचा," असं सांगून चिमटा हत्यारं आणायला करकरत गेला.

कस्तुरीनं निळ्या फ्यूजकडे पाहिलं. आतली तार ती काय, केसाएवढी! ही आईला सांभाळणार? शेजारीच हिरवा होता, तीसचा, दुप्पट ताकदीचा. तिनं इकडेतिकडे पाहिलं, गुपचूप हिरवा दाबून बसवला आणि निळा फ्रॉकच्या खिशात टाकला. आईसाठी सगळ्यात मजबूत तेच हवं, हो की नाही?

चिमटा आला. "आता खोटा बिघाड करून बघू," म्हणत त्यानं वायर बॅटरीला जोडली आणि हीटरच्या वाटेवर मुद्दाम जास्तीचं ओझं टाकलं. "हं, आता फ्यूज तुटेल."

फ्यूज तुटला नाही. वायर मात्र तापायला लागली. वरचं प्लास्टिक मऊ पडलं आणि उग्र वास सुटला. चिमट्यानं झटकन वाट तोडली, पेटीत डोकावला आणि हिरवा फ्यूज उपसून काढला.

कस्तुरीचा चेहरा पडला. तिनं खिशातला निळा फ्यूज काढून पुढे धरला. "मला वाटलं... हा खूप नाजूक आहे. आईबरोबर कुणीतरी बळकट असावं म्हणून..." आणि ती रडायलाच लागली. "मीच ट्रक पेटवला असता!"

चिमटा गुडघे मोडून तिच्यापुढे बसला. "अगं वेडाबाई, रडतेस काय? असला बिघाड बंद गॅरेजात व्हावा म्हणूनच तर आपण तपासतो. आता नीट ऐक. ही वायर पंधराच्या थोडं वरपर्यंत सोसते. तिच्यापेक्षा दमदार फ्यूज ठेवला, तर आधी वायर जळणार. फ्यूजचं काम टिकून राहायचं नाहीच मुळी. वायरच्या आधी तुटायचं. त्याचा नाजूकपणा हीच त्याची माया."

कस्तुरीनं डोळे पुसले. होरपळलेली वायर दोघांनी मिळून बदलली. निळा फ्यूज तिनं स्वतःच्या हातानं बसवला. पुन्हा खोटा बिघाड. फट्! तार तुटली, हीटर बंद, आणि तुर्रेबाजचे पुढचे दिवे? लख्ख! दुसरा निळा बसवून कस्तुरीनं आणखी दोन निळे पेटीच्या झाकणात आतून चिकटवले.

दुसऱ्या दिवशी आईनं विचारलं, "काय हो बाई, निघू का?"

कस्तुरीनं पेटीचं झाकण एकदा दाबून पाहिलं. "नीघ."

दिवसभर तिचं कशात लक्ष लागेना. दुपारी चिमट्याच्या छातीवरचा फोन वाजला. "कस्तुरे, ऐक गं!" आईचा आवाज होता. "बोगद्यातच होते मी. पिल्लांच्या कप्प्याच्या दारात हीटरची वायर चेपली, फ्यूज तुटला आणि हीटर गेला. मागे कप्प्यात हीटर गेल्याची घंटी वाजली. पण दिवे जसेच्या तसे! आरामात बाहेर आले, गाडी कडेला घेतली, वायर सोडवून तिला पट्टी गुंडाळली, झाकणातला फ्यूज लावला. आता हे ऐक."

फोनमधून आधी टक् असा आवाज आला आणि पाठोपाठ शेकडो पिल्लांचा चिवचिवाट. कस्तुरी एकीकडे हसत होती आणि एकीकडे तिचे डोळे वाहत होते.

आई परतली ती तुटका निळा फ्यूज मुठीत घेऊन. तुर्रेबाजच्या पुढे लिंबू-मिरची टांगलेली होती, तिच्याच दोऱ्यात तिनं तो ओवला. "दृष्ट काढायला लिंबू असू दे," ती म्हणाली, "पण माझ्या वाटेवर जीव दिला तो यानं."

"चिमट्या, चंद्रावरच्या गाड्यांनाही फ्यूज लागतो का रे?" कस्तुरीनं विचारलं.

"लागतो तर! तिथे तर कडेला मदतीला थांबणारंही कुणी नाही. तूच बनव एखादी पेटी, मोठी झालीस की. मी हत्यारं देईन हाताशी."

पुढच्या खेपेला आईनं केबिनचं दार ओढलं तेव्हा कस्तुरी धावत आली. आईला वाटलं, आता पुन्हा 'नको जाऊ' सुरू होणार. कस्तुरीनं खिडकीतून हात वर केला. मुठीत एक नवा निळा फ्यूज होता.

"झाकणातला एक वापरलास ना, त्याच्या जागी हा," ती म्हणाली. "जा आता. पिल्लं वाट बघतायत."