पपनसाच्या पुढचा वास

जेसिंता तुस्कानोने गवती चहाच्या पातेल्यावरचं झाकण उचललं, वाफेत चेहरा धरला आणि नेहमीसारखी मान हलवली.

"काही नाही?" तिच्या नवऱ्याने, इनासने विचारलं.

"नाकाच्या वर मुंग्या आल्यासारखं होतं. वास नाही."

तिच्या चष्म्याच्या दांडीवर, नाकाच्या अगदी जवळ, ज्वारीच्या दाण्याएवढा एक राखाडी मणी होता. हवेतले गंधकण टिपायचं काम त्याचं. टिपलेलं तो बिनतारी संदेशाने घ्राणपट्टीला कळवायचा. नखाएवढी ही पट्टी डॉक्टरांनी तिच्या नाकाच्या वर, मेंदूच्या तळाशी वासाचे संदेश घेणाऱ्या घ्राणकंदावर बसवली होती. बहिऱ्या माणसाच्या कानात यंत्र बसवतात, तसलाच प्रकार. फक्त हा वासासाठी होता आणि अजून नवा होता.

काही वर्षांपूर्वीच्या एका तापात जेसिंताची वास घ्यायची शक्ती गेली, ती परत आलीच नाही. वसईजवळच्या गास गावात तिची केकची छोटी भट्टी होती. करपल्याचा वास येत नाही म्हटल्यावर लागोपाठ केक जळाले. मग तिने भट्टी बंद केली. त्याहून वाईट म्हणजे तिचं जेवण सुटलं. "भात खाल्ला काय नि कापूस खाल्ला काय," ती म्हणायची.

पट्टी बसवणाऱ्या डॉ. मृण्मयी ठोसर दर शनिवारी तपासायला येत. त्यांनी दिलेल्या गुलाब, लिंबू, लवंग, निलगिरी अशा शुद्ध अर्कांच्या बाटल्या जेसिंता सकाळ-संध्याकाळ हुंगत होती. पण मेंदूला ते संदेश वास म्हणून ओळखताच येत नव्हते.

"जेसिंताबाय, स्पष्टच सांगते," डॉक्टर त्या शनिवारी म्हणाल्या. "मेंदू निरुपयोगी खडखडाटाकडे दुर्लक्ष करायला शिकतो. नाताळपर्यंत एकही वास उमटला नाही, तर पट्टी काढावी लागेल. पुन्हा बसवता येईलच असं नाही."

"काढून टाका आत्ताच," जेसिंता म्हणाली आणि उठून आत गेली.

इनास ओट्याशी उभा होता. राज्यात घरच्या घरी बियर करायला परवानगी मिळाल्यापासून त्याला तोच नाद लागला होता. मोड आणून भाजलेल्या सातूचा गोड काढा उकळायचा, त्यात हॉप्स घालायचे, गार करून यीस्ट सोडायचं आणि आंबू द्यायचं. हॉप्स म्हणजे एका वेलीची हिरवी, कागदी पाकळ्यांची बोंडं. बियरचा कडूपणा आणि बराचसा वास त्यांच्यातून येतो. पूर्वी ती परदेशातून यायची. हॉप्सना फुलायला तिकडचे लांबलचक दिवस लागत, पण आता आपल्याकडच्या लहान दिवसांतही फुलणारे वाण निघाले होते, महाबळेश्वरच्या उतारांवर त्यांचे मांडव उभे राहिले होते आणि त्यांच्या वासाला सौम्य हा शब्दच माहीत नव्हता. तोरणी नावाच्या वाणाला पपनसाच्या सालीचा वास, धूपाला राळेचा, करवंदीला करवंदाचा. चौथी रानकांदी. तिला पातीच्या कांद्याचा वास येई, म्हणून तिच्या वाटेला कुणी जात नसे.

"डॉक्टर," इनासने हळूच विचारलं, "तुमच्या बाटल्यांऐवजी माझे हॉप्स चालतील?"

डॉक्टर थोडा विचार करून म्हणाल्या, "चालतील काय, कदाचित जास्त बरे पडतील. माझ्या प्रत्येक अर्कात एकाच प्रकारचे गंधकण आहेत. हॉप्समध्ये शेकडो प्रकारचे असतात, आणि खऱ्या जगातला वास तसाच असतो. शिवाय बियर पिताना जिभेला कडू लागतं, गार लागतं, बुडबुडे टोचतात. त्याच क्षणी मणी फेसाच्या वर असतो. मेंदूला एक साक्षीदार मिळेल. करून बघा. पण घोटभरच हं."

इनासला तेवढंच हवं होतं. जितकं जोरकस तितकं चांगलं, असा हिशेब करून त्याने तोरणी, धूपा आणि करवंदी मूठमूठभर टाकले, वर रानकांदीही. काही उकळीत आणि काही आंबून झाल्यावर कोरडेच. उकळीत घातलेल्या हॉप्सचा वास वाफेबरोबर उडून जातो आणि कडूपणा राहतो. वास हवा असेल तर शेवटी कोरडी भर घालावी लागते, एवढं त्याला ठाऊक होतं.

बियर तयार झाली तेव्हा पहिला पेला शेजारच्या पावलू डिमेलोने उचलला. पावलू चर्चच्या गायनवृंदातला सगळ्यात चढा आवाज, आणि इनास त्या वृंदाचा शिक्षक. पावलूने घोट घेतला, डोळे मिटले आणि बराच वेळ उघडले नाहीत.

"कसं आहे?"

"इनास, तू लॉनवरचं गवत कापून त्यात भजी तळलीस का?"

जेसिंताने घोट घेतला आणि पेला खाली ठेवला. "डोकं दुखलं. एवढंच." ती रागावली नव्हती, हेच इनासला जास्त लागलं. "किती राबतोस रे माझ्यासाठी. राहू दे आता."

त्या रविवारी चर्चमधल्या मिस्साच्या प्रार्थनेनंतर गायनाचा सराव होता. नाताळच्या एका गीताला चार एकल गायक उभे राहिले आणि चौघांनी एकदमच छाती फुगवली. खिडकीतली कबुतरं उडाली. कुणाचाच सूर कळेना.

"थांबा, थांबा!" इनास ओरडला. "पावलू, तू गा. तू एकटाच. बाकीचे गप्प."

पावलू खूश होऊन गाऊ लागला. दुसऱ्या कडव्याला इनासने खालच्या आवाजाच्या एका बाईंना हळूच साथ द्यायला सांगितलं. पावलूचाच आवाज एकदम गोल, भरीव वाटू लागला. इनासचा हात हवेतच थांबला.

"आता काय चुकलं?" पावलूने विचारलं.

"काही नाही. मी तुम्हा चौघांना एकाच पातेल्यात घातलं होतं," इनास म्हणाला आणि सराव अर्ध्यावर सोडून घरी पळाला.

या वेळी त्याने दोन छोट्या बरण्या लावल्या. काढा एकच, यीस्ट एकच. पहिलीत फक्त तोरणी. दुसरीत तेवढीच तोरणी आणि तिच्या मागे उभा राहावा एवढाच, चिमूटभर धूपा.

बियर आंबून तयार झाल्यावरच्या शनिवारी डॉक्टर आल्या तेव्हा टेबलावर दोन पेले होते. जेसिंता नाखुशीनेच बसली. तिने पहिल्यातला घोट घेतला, मग दुसऱ्यातला. पुन्हा पहिला उचलला. तिच्या भुवया जवळ आल्या.

"दुसऱ्यात काहीतरी जास्त आहे," ती म्हणाली.

"कडू जास्त?" डॉक्टरांनी विचारलं.

"नाही. कडू सारखंच आहे. काहीतरी... मागे आहे. भिंतीआड कुणी उभं असावं तसं."

डॉक्टरांनी तिला डोळे मिटायला सांगितलं आणि पेल्यांची अदलाबदल केली. जेसिंताने बरोबर ओळखलं. पुन्हा बदलले, पुन्हा ओळखलं. दोन्ही पेल्यांत एकच बियर ओतून दिली तेव्हा ती म्हणाली, "फसवता काय? दोन्ही सारखेच आहेत!"

डॉक्टरांनी आनंदाने टेबलावर थाप मारली, बियर सांडली. "मी मूर्ख! एकेक वास देत बसले. मेंदूला फरक हवा होता! दोन वास शेजारी-शेजारी ठेवले तेव्हा त्याला कळलं, हा नुसता खडखडाट नाही, यात काहीतरी वेगळं काढता येतं."

जेसिंता मात्र ऐकत नव्हती. तिने पहिला पेला नाकाजवळ धरला होता. तिचा श्वास आधी सावकाश, मग खोल, मग भुकेल्यासारखा होत गेला.

"इनास," ती म्हणाली, "पपनस. अरे, पपनस! नाही... पपनस नाही. पपनसाच्या पुढचं काहीतरी. याला नाव नाही माझ्याकडे." आणि ती हसत सुटली. हसता हसता तिचा चष्मा ओला झाला. डॉक्टर घाईघाईने म्हणाल्या, "मणी पुसा, मणी!" मग तिघंही हसू लागली.

पुढचे आठवडे म्हणजे घरात धुमाकूळ होता. जेसिंता माठ हुंगायची, उशी हुंगायची, भिजलेल्या चिंचेवर पाच-पाच मिनिटं वाकून बसायची. सोनचाफ्याने तिला शिंक आली. करपलेल्या पोळीचा वास आला त्या दिवशी तिने मुद्दाम आणखी एक करपवली. ती दोन वेळा जेवू लागली, आणि जेवताना बोलू लागली. इनासला पातेली घासायलासुद्धा उत्साह आला.

आणि ती हॉप्स जुळवू लागली. नाताळच्या बियरसाठी तिने करवंदी पुढे घ्यायला सांगितली, मागे धूपा, आणि वर कणभर रानकांदी.

"कांदा?" इनासने कपाळावर हात मारला. "नाताळात लोकांना कांद्याची बियर पाजू?"

"मला तो कांदा वाटतच नाही. करवंदीजवळ नेला की तो उजळतो. घाल तू."

"किती?"

"चिमटीतली अर्धी खाली पडू दे, उरेल तेवढी."

नाताळच्या दुपारी अंगणात सगळे जमले. जेसिंताने भट्टी पुन्हा पेटवली होती. केक गरम होता आणि मुलं त्याच्याभोवती घोटाळत होती. पावलूने मागच्या अनुभवामुळे पेला लांब धरला, एक अगदी लहान घोट घेतला, मग मोठा घेतला, मग उरलेली सगळी प्यायला.

"यात आंबा कुणी घातला?"

"कुणीही नाही," इनास म्हणाला.

"पिकलेला आंबा आहे. करवंद आहे. आणि चर्चमधला धूप. इनास, हे तू केलंस?"

"हिने जुळवलं."

डॉ. ठोसरांनीही पेला पुन्हा भरून घेतला. "आंबा रानकांदीतला आहे," त्या म्हणाल्या. "तिच्यात गंधक, म्हणजे सल्फर, असलेले गंधकण असतात. भरपूर असले की आपल्याला कांदा वाटतो. तेच अगदी कणभर असले की पिकल्या फळासारखे लागतात. पण इतक्या कमी प्रमाणात ते आपल्या नाकाला वेगळे काढता येत नाहीत, आपल्याला फक्त परिणाम कळतो. मण्याला ते एकेक दिसतात. म्हणजे जेसिंताबायना."

पावलू जेसिंताकडे वळला. "तुलाही आंबाच येतो का?"

जेसिंताने पेला उन्हात धरला. "आंबा कसा होता ते मला आता नीट आठवत नाही रे. मला जे येतं ते फार मोठं आहे. आधी एक पातळ, थंड धार येते. मग ती फाटते, तिच्या आत दुसरी असते, ती गरम. फेस बसतो तेव्हाचा वास वेगळा, फेस फुटतो तेव्हाचा वेगळा. तू बोलत होतास ना, तेवढ्यात तो दोनदा बदलला." ती थांबली. "तुम्हाला हे येत नाही?"

पावलूने आपल्या पेल्यात नाक खुपसलं, खूप जोरात हुंगलं, पुन्हा हुंगलं. मग त्याने पेला खाली ठेवला आणि आपल्या धडधाकट नाकाला, ते कुणी दुसऱ्याचं असावं तसा, हात लावून पाहिला.

"डॉक्टर," त्याने विचारलं, "ही पट्टी मला बसवता येईल?"

"तुम्हाला? तुमचा वास शाबूत आहे की."

"होता," पावलू म्हणाला. "आत्ता ती सांगेपर्यंत होता."

आजूबाजूचे हसले, जेसिंता सगळ्यात मोठ्याने. पण हसताना आणखी दोघं-तिघं डॉक्टरांच्या जवळ सरकली होती, आणि त्यांच्या डोळ्यांत तोच प्रश्न होता. डॉ. ठोसरांनी गेली कित्येक वर्षं हरवलेलं परत कसं द्यायचं, एवढाच विचार केला होता. ज्यांचं काही हरवलेलंच नाही, अशी माणसं दारात उभी राहिली, तर त्यांना नाही म्हणायचं का, आणि हो म्हटलं, तर मग साध्या नाकाच्या माणसाला उद्या काय म्हणायचं, धडधाकट की अधू?